मेकॅनिकल टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची असोसिएट डिग्री: पगार किती, कर्ज किती, आणि हिशोब घरीच कसा मांडायचा

दर वर्षी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारतंच, की पोराला फोर इयर कॉलेजात इंटरेस्ट नाही, गाड्या उघडण्यात आहे, कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात) मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची असोसिएट डिग्री आहे म्हणतो, घालू का? आवाज इतका खाली, की जणू पोरगा घरातून पळून गेलाय. मी स्वतः महाराष्ट्रातून डिप्लोमा आणि मग डायरेक्ट सेकंड इयर करून आलेला माणूस, गेली बरीच वर्षं डेट्रॉईटच्या आसपास ऑटो टेस्टिंगच्या लॅबमध्ये आहे आणि माझ्या बाजूच्या बेंचवर हीच डिग्रीवाली मुलं-मुली काम करतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, आकड्यांसकट. अमेरिकेतल्यांसाठी आहे हे, पण भारतातून मुलाला इथे पाठवायचा विचार करणाऱ्यांनी व्हिसावाला भाग आधी वाचा, बाकीचं मग.

आधी ही डिग्री म्हणजे काय ते. साधारण ६० क्रेडिटची, बारावीनंतर दोन वर्षं. आपल्या डिप्लोम्याच्या जवळची, फक्त आपला डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. कॅड, मटेरियल, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स, जीडी अँड टी (ड्रॉईंगवर मापं आणि टॉलरन्स लिहायची पद्धत), मोजमाप, थोडं स्टॅटिक्स, असं सगळं हाताने करायचं शिक्षण. पास झाल्यावर टेक्निशियन, डिझायनर, सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशीन) ऑपरेटर, क्वालिटी, प्रोटोटाईप शॉप, टेस्ट लॅब अशा जागा मिळतात. इंजिनिअर हे पद नसतं, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे पुढे वाद नको.

पगाराचा आकडा कुठला धरायचा

अमेरिकन सरकारचं ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स आहे, त्यांच्या मे २०२३ च्या आकड्यांनुसार मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्निशियन-टेक्नॉलॉजिस्टचा मधला पगार वर्षाला ६४,०२० डॉलर. मधला म्हणजे सरासरी नाही हां, निम्मे लोक याच्या वर आणि निम्मे खाली. तासाला काढलं तर पावणेएकतीसच्या आसपास. त्याच वर्षी मेकॅनिकल इंजिनिअरचा मधला पगार ९९,५१०.

पण इथेच लोक फसतात. चौसष्ट हजार ऐकलं की आईवडील खूश. त्या आकड्यात माझ्या लॅबमधला तो पांढऱ्या दाढीवाला पण आहे जो वीस वर्षं फटीग टेस्टिंग करतोय आणि ज्याला मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलं ते कळतं. तुमचा वीस वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी त्या आकड्यावर नसणार. म्हणून तुमच्या काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) जाहिराती स्वतः बघा, एखाद्या रविवारी बसून दहा-पंधरा एन्ट्री लेव्हल जाहिराती काढा, त्यातला तासाचा रेट वहीत लिहा आणि सगळ्यात वरचे दोन खोडून टाका. उरतील त्यातला मधला धरा. मी पुढचा सगळा हिशोब उदाहरणादाखल तासाला २२ डॉलर धरून करतो, तुमच्याकडे १९ असेल तर १९ घाला.

२२ डॉलर म्हणजे ४० तासांचा आठवडा धरून वर्षाला ४५,७६०. मिशिगनमध्ये एकट्या माणसाचा फेडरल टॅक्स, राज्याचा टॅक्स आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कापून महिन्याला हातात तीन हजारांच्या आसपास येतात, हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता अजून त्यातून जायचाय. एक गोष्ट मात्र या लोकांच्या बाजूने असते, ती म्हणजे ओव्हरटाईम. तासावर पगार असलेल्याला ४० तासांच्या वर दीडपट द्यावा लागतो. लाँचच्या आधी आमच्याकडे टेक्निशियन लोक आठवड्याला ५५ तास काढतात आणि त्या महिन्यात काही ज्युनिअर इंजिनिअरपेक्षा जास्त घेऊन जातात, इंजिनिअरला मात्र नुसता पिझ्झा. पण ओव्हरटाईम धरून कर्ज काढू नका, तो येतो तसा जातो.

सरकारी वेबसाईटवरचा कर्जाचा आकडा कसा वाचायचा

कॉलेज स्कोअरकार्ड नावाची शिक्षण खात्याची साईट आहे. तिथे कॉलेजचं नाव टाका, मग फील्ड ऑफ स्टडीत ‘मेकॅनिकल इंजिनिअरिंग रिलेटेड टेक्नॉलॉजीज’ शोधा, कोड १५.०८, आणि लेव्हल असोसिएट आहे ना ते नक्की तपासा, कारण त्याच नावाचं सर्टिफिकेट आणि बॅचलर पण असतं आणि घाईत आपण भलतंच वाचतो. तिथे कमाई आणि कर्ज असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, आणि मन लगेच वजाबाकी करायला लागतं. थांबा जरा.

कर्जाचा आकडा फक्त ज्यांनी फेडरल कर्ज घेतलं आणि डिग्री पूर्ण केली त्यांचाच आहे. ज्यांनी एक डॉलरही घेतला नाही ते त्यात नाहीतच, आणि कम्युनिटी कॉलेजात असे खूप असतात. आईबापांनी स्वतःच्या नावावर काढलेलं पॅरेंट प्लस कर्ज त्यात धरलेलं नाही, बँकेचं प्रायव्हेट कर्ज पण नाही. म्हणजे आकडा एका बाजूने जास्त दिसतो आणि दुसऱ्या बाजूने कमी. जे अर्धवट सोडून गेले त्यांचं कर्ज तर या आकड्यात कुठेच नाही, आणि खरं दुखणं तिथे आहे, त्यावर पुढे येतो.

कमाईचा आकडा सुद्धा फेडरल मदत घेतलेल्यांचाच असतो, आणि जी मुलं पुढे बॅचलरला गेली आणि अजून शिकतायत ती त्यातून बाहेर. शिवाय १५.०८ हे एकत्र बांधलेलं गाठोडं आहे, त्यात ऑटोमोटिव्ह आणि एरोस्पेस टेक्नॉलॉजीवाले पण येतात, नुसते मेकॅनिकलवाले नाहीत. छोट्या कॉलेजात मुलं कमी म्हणून आकडाच दाखवत नाहीत, तेव्हा घाबरू नका, आकडा नाही म्हणजे कोर्स वाईट असं नसतं. अशा वेळी जवळच्या मोठ्या कॉलेजचा बघा आणि अंदाज घ्या.

आता खर्च, खरा खर्च

कॉलेज बोर्डाच्या हिशोबाने २०२४-२५ मध्ये सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजची स्वतःच्या डिस्ट्रिक्टमधल्या मुलांसाठीची फी देशभरात सरासरी ४,०५० डॉलर होती वर्षाला. सरकारी फोर इयरची राज्यातल्यांसाठी ११,६१०, प्रायव्हेटची ४३,३५०. कॅलिफोर्नियात तर कम्युनिटी कॉलेजचं एक युनिट ४६ डॉलरला आहे, म्हणजे ६० युनिट २,७६० मध्ये. डिस्ट्रिक्ट हा शब्द नीट बघा, आपण राहतो त्या पत्त्याला फी कमी असते, पलीकडच्या काउंटीतलं चकचकीत कॉलेज धरलं तर रेट लगेच चढतो.

दोन वर्षांची फी ८,१००, त्यात पुस्तकं, सेफ्टी शूज, व्हर्नियर-मायक्रोमीटर, इकडचं तिकडचं दोनेक हजार धरा, झाले दहा हजार. मुलगा घरीच राहतोय, घरचंच जेवतोय. गाडी मात्र लागेल, आणि मिशिगनमधला तरुण पोराचा कार इन्शुरन्स म्हणजे काय प्रकरण असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, कधी कधी तोच फीपेक्षा जास्त वाटतो.

यातून कमी किती होईल ते आता. पेल ग्रँट कमी उत्पन्नाच्या घरांना, २०२४-२५ ला जास्तीत जास्त ७,३९५ वर्षाला, म्हणजे पूर्ण मिळाली तर फी भागून उरते. आपल्या बहुतेक आयटीवाल्या घरांना ती मिळत नाही, पण म्हणून फाफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) भरायचाच नाही असं करू नका, राज्याच्या आणि कॉलेजच्या योजना पण त्याच फॉर्मवर चालतात. टेनेसीत टेनेसी प्रॉमिस आहे, बाकीच्या ग्रँट लागल्यावर जी फी उरते ती ते भरतात, बदल्यात दर टर्मला आठ तास समाजसेवा. मिशिगनमध्ये २५ वर्षांवरच्यांसाठी रिकनेक्ट आहे २०२१ पासून, म्हणजे नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसालाही डिग्री करता येते. तुमच्या राज्याचं काय आहे ते कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन विचारा, जाऊनच, ईमेलला उत्तर यायला सेमिस्टर सुरू होतो.

आणि टॅक्स क्रेडिट! अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, पहिल्या २,००० डॉलरचे पूर्ण आणि पुढच्या २,००० चे पंचवीस टक्के, म्हणजे ४,००० खर्चावर २,५०० परत, दर वर्षी, पहिली चार वर्षं. नवराबायकोचं मिळून उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की कमी होत जातं आणि १,८०,००० ला बंद. ग्रँटने भरलेली फी यात धरता येत नाही. बसत असेल तर दोन वर्षांत पाच हजार परत, म्हणजे दहा हजाराची डिग्री पाच हजारात. इतकं स्वस्त असूनही लोक कर्ज काढतात, कारण कॉलेज ऑफर लेटरमध्ये कर्जाची रक्कम ‘अवॉर्ड’ म्हणून लिहितं आणि आपण बक्षीस मिळालं समजून अॅक्सेप्ट दाबतो.

हप्ता काढायची सोपी युक्ती

आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला फेडरल कर्ज पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,५०० मिळतं, म्हणजे दोन वर्षांत १२,०००. पहिल्या वर्षी त्यातले ३,५०० पर्यंत सबसिडाईज्ड असू शकतात, ज्यावर शिकत असताना व्याज सरकार भरतं. बाकीच्यावर पहिल्या दिवसापासून मीटर चालू. व्याज २०२४-२५ च्या कर्जाला ६.५३ टक्के होतं, २०२५-२६ ला ६.३९, आणि जो दर लागला तो त्या कर्जाला शेवटपर्यंत तोच.

लक्षात ठेवायला सोपं: दहा वर्षांच्या फेडीत ६.३९ ने दर हजाराला महिन्याला साधारण ११ डॉलर ३० सेंट. बारा हजाराचे झाले १३६, दहा वर्षांत मिळून १६,२७० च्या आसपास जातात. हातात तीन हजार येणाऱ्याला १३६ जड नाही. सरकारचा स्वतःचा एक जुना निकष आहे करिअर कोर्सेससाठी, की वर्षाचे हप्ते वर्षाच्या कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत पाहिजेत. ४५,७६० चे ८ टक्के म्हणजे ३,६६०, महिन्याला ३०५, म्हणजे सत्तावीस हजारापर्यंत कर्ज चालेल असं गणित सांगतं. मी मात्र नाही म्हणतो. दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या डिग्रीला कर्ज बारा हजाराच्या वर चाललं तर कुठेतरी चुकतंय, एकतर कॉलेज महाग आहे किंवा कर्जाने गाडी आणि फोन घेतले जातायत. कारण ही डिग्री हा शेवटचा खर्च नाही, पुढे बॅचलर करायचं झालं तर त्याच खांद्यावर दुसरं ओझं येणार.

सगळ्यात मोठा खर्च जो कोणी लिहित नाही

तो म्हणजे न केलेली नोकरी. समजा डिग्री न करता मुलगा वेअरहाऊसमध्ये १७ डॉलरने लागला असता, वर्षाला ३५,३६०. कॉलेज करताना तो निम्मा वेळच काम करतो, म्हणजे वर्षाला १७,६८० गेले, दोन वर्षांत ३५,३६०. त्यात दहा हजार घाला, खरी किंमत ४५ हजार. डिग्रीनंतर ४५,७६० मिळतात, म्हणजे वर्षाला १०,४०० जास्त. भागाकार करा, साधारण चार ते साडेचार वर्षांत वसूल, आणि पगार वाढत गेला तर त्याच्याही आधी. माझ्या मते हा सौदा चांगला आहे.

आता हेच गणित प्रायव्हेट टेक्निकल कॉलेजला लावा, वर्षाला १८ हजार फी धरली तर खरी किंमत ७३ हजारांच्या पुढे, वसुलीला सात वर्षं, आणि पगार तोच! मशीनला कॉलेजचं नाव माहीत नसतं. त्यांचा सेल्सवाला रोज फोन करतो, आज सही केली तर सूट देतो म्हणतो, तेव्हा फोन ठेवायचा.

आणि तिसरं गणित, जे सगळ्यात जास्त वेळा घडतं. एक वर्ष करून सोडलं. पाच हजार खर्च, साडेसतरा हजाराची कमाई गेली आणि पगार परत १७ च. सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात तीन वर्षांत डिग्री पूर्ण करणारी मुलं निम्मी सुद्धा नसतात, त्यामुळे हे कोणा दुसऱ्याच्या घरी होतं असं समजू नका. मुलं मेकॅनिकलमुळे कमी आणि गणितामुळे जास्त अडकतात, प्लेसमेंट टेस्टमध्ये (नोकरीची नाही, कॉलेजात गणिताची पातळी ठरवणारी) कमी मार्क पडले की आधी खालचं गणित घ्यावं लागतं, त्याची फी भरायची पण ते डिग्रीत धरत नाहीत. म्हणून उन्हाळ्यातच बीजगणित आणि त्रिकोणमिती घासून घ्या, दोन महिन्यांचा हा अभ्यास एक सेमिस्टर वाचवतो.

पुढचा रस्ता बंद तर नाही ना

इथे मी जरा जास्त वेळ घेतो, कारण मी स्वतः डिप्लोम्यातून वर आलोय. आपल्याकडे डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळते, तशी सरसकट सोय इथे नाही. इथे असोसिएटचे प्रकार असतात. असोसिएट ऑफ अप्लाईड सायन्स ही नोकरीसाठीची, त्यातलं टेक्निकल मॅथ आणि बरेचसे शॉपचे क्रेडिट इंजिनिअरिंगच्या बॅचलरला चालत नाहीत. असोसिएट ऑफ सायन्स ही ट्रान्सफरसाठी, त्यात कॅल्क्युलस आणि कॅल्क्युलसवालं फिजिक्स असतं. पोराच्या मनात कुठेतरी पुढे मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं असेल तर पहिल्या सेमिस्टरच्या आधी हे ठरवा, दोन वर्षांनी नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात हे नंतर कळलं, साठातले अठ्ठावीस क्रेडिटच धरले गेले, आणि पोरगा पुन्हा पहिल्या वर्षात.

मधला रस्ता पण आहे, इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची बॅचलर. पर्ड्यू, मिशिगन टेक, वेन स्टेट अशा ठिकाणी मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची चार वर्षांची डिग्री आहे आणि तिथे अप्लाईड सायन्सवाले क्रेडिट बरे बसतात. तोंडी आश्वासन घेऊ नका, दोन कॉलेजांमधला लेखी ट्रान्सफर करार मागा, कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरणार ते ओळीने लिहिलेलं असतं. तसंच अॅबेटचा (ही कोर्सना मान्यता देणारी संस्था) शिक्का बघा, टेक्नॉलॉजीचा कोर्स त्यांच्या ईटॅक कमिशनखाली येतो, इंजिनिअरिंगचा ईएसी खाली. पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरचं, लायसन्स काढताना काही राज्यं या दोघांत फरक करतात.

बॅचलरचे पैसे कंपनीकडून काढणं हा माझा सगळ्यात आवडता मार्ग. कंपनी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाला देऊ शकते आणि त्यावर तुम्हाला टॅक्स नाही. माझ्या बाजूच्या बेंचवरची मुलगी अशीच संध्याकाळी शिकते, पाच वर्षं लागतील म्हणते, पण कर्ज शून्य. इंटरव्ह्यूत पगाराच्या आधी हे विचारा. आणि हे पण विचारा की जागा डायरेक्ट आहे की एजन्सीतर्फे कॉन्ट्रॅक्टवर. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जीएम एकापाठोपाठ दिवाळखोरीत गेल्या तेव्हापासून इथे सगळ्यांना माहीत आहे, मंदीत पहिला बॅज कॉन्ट्रॅक्टवाल्याचा जमा होतो. हप्ता मात्र मंदी बघत नाही.

शिकता शिकता कमवायचं असेल तर अप्रेंटिसशिप शोधा. केंटकीत टोयोटाच्या प्लांटपासून २०१० मध्ये सुरू झालेला फेम नावाचा कार्यक्रम आता बऱ्याच राज्यांत आहे, दोन दिवस कॉलेज आणि तीन दिवस पगारी काम, डिग्री हातात आणि कर्ज जवळपास नाही. डिग्री मेंटेनन्सकडे झुकलेली असते, डिझाईनकडे नाही, तेवढं चालत असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही.

व्हिसावाल्यांसाठी, नीट वाचा

एच-४ वरच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावरच्या, मुलाला पेल ग्रँट नाही, फेडरल कर्ज नाही. फी राज्याच्या रेटने की बाहेरच्या, ते राज्यागणिक बदलतं. २१ झाल्यावर डिपेंडंट व्हिसा संपतो, म्हणजे दोन वर्षांची डिग्री बरोबर त्याच काठावर संपते.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, या डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) मिळते, पण स्टेमचं (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणितवाल्यांचं) २४ महिन्यांचं एक्स्टेन्शन नाही, त्याला निदान बॅचलर लागते. आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी जागाच बॅचलर लागणारी असावी लागते, टेक्निशियनची जागा त्यात बसत नाही. म्हणजे वर लिहिलेलं वसुलीचं साडेचार वर्षांचं गणित तुमच्याकडे एकाच वर्षात बसवावं लागेल, ते बसत नाही. महाराष्ट्रातून खास या डिग्रीसाठी घर गहाण ठेवून मुलाला पाठवू नका. तिथेच पॉलिटेक्निक, मग डायरेक्ट सेकंड इयर, मग वाटलं तर एमएस, हा रस्ता लांब आहे पण कर्ज पेलणारा आहे. इथे येऊन ट्रान्सफर करून बॅचलर पूर्ण करायचीच तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण मग हिशोब चार वर्षांचा मांडा.

सही करायच्या आधी

कॉलेजात एकदा मशीन शॉप बघायला जा, वर्गाच्या वेळेत, आणि शिकवणाऱ्या माणसाला विचारा की गेल्या वर्षीची मुलं कुठे लागली, कंपन्यांची नावं सांगा. तो पटापट चार नावं घेत असेल तर कोर्स जिवंत आहे. मशीनवर धूळ असेल आणि उत्तर ‘आमचे विद्यार्थी सगळीकडे आहेत’ असं असेल तर दुसरं कॉलेज बघा.

मग पोर्टलवर कर्जाची ऑफर येईल, ५,५०० ची. तिथे कमी रक्कम टाकता येते, पूर्ण घ्यायची सक्ती नसते. फी भरून जेवढं कमी पडतंय तेवढाच आकडा टाका, समजा १,२०० लागत असतील तर १,२००. चुकून जास्त घेतलं गेलं तर पैसे खात्यात आल्यापासून १२० दिवसांच्या आत परत करता येतात, तेवढ्या भागावर व्याज पण लागत नाही आणि फी पण नाही. ती तारीख त्याच दिवशी फ्रिजवर लावून ठेवा.